खास जेवणाचं हॉटेल: तारे बघून ठरवायचं की माणूस बघून?

पायवाट
परवा रसिकराज यांनी लिहिलं की मोठ्या शहरात खास दिवसाचं जेवण ठरवताना डोकं खाजवत बसू नये. मिशेलिन या फ्रेंच हॉटेल-मार्गदर्शिकेचा तारा आहे का बघावं, महिनाभर आधी टेबल धरावं, काय खायचं ते शेफवर सोडावं, 'बाकी सगळं गौण'. ते 'गौण' वाचल्यापासून माझं डोकं फिरलंय. तिथे दोन ओळींत मावणार नाही, म्हणून हा वेगळा धागा.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली. मी नेमक्या याच नियमांनी जागा निवडली. तारा होता. कार्डाचा नंबर देऊन पाच आठवडे आधी टेबल धरलं. १२ कोर्सचा टेस्टिंग मेनू होता, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या छोट्या-छोट्या १२ ताटल्या, निवड सगळी शेफची.

बाबा तेव्हा ७४ वर्षांचे, दोन्ही कानांत मशीन. तिथे उघड्या सिमेंटच्या भिंती, उंच छत, एक बाजू पूर्ण काचेची, स्वयंपाकघर समोरच उघडं, टेबलांवर कापड नाही. बशी ठेवल्याचा आवाजसुद्धा भिंतीवर आपटून परत यायचा. तिसऱ्या कोर्सला बाबांनी आधी उजव्या कानातलं मशीन काढलं, मग डाव्या. दोन्ही रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. पुढचे अडीच तास ते हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिले. वेटर प्रत्येक ताटलीची गोष्ट सांगायचा, बाबा मान डोलवायचे. आईने दोनदा त्यांना काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, मग तिनेही सोडून दिलं. लग्नाची ४० वर्षं साजरी करायला गेलेली दोघं एकमेकांशी बोललीच नाहीत.

जेवण उत्तम होतं, हेही सांगते. घास न् घास उत्तम. संध्याकाळ घालवली ती या 'गौण' गोष्टींनीच.

म्हणून माझं म्हणणं असं: ज्याचा दिवस आहे त्याच्या कानांना, गुडघ्यांना, पोटाला आणि झोपेच्या वेळेला झेपतील अशा जागा आधी बाजूला काढा. मग त्यांतली ज्या जागेचं जेवण सगळ्यांत चांगलं, ती घ्या. क्रम उलटा केलात तर पैसेही जातात आणि दिवसही.

रसिकराज
तुमच्या बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण यात ताऱ्याची चूक कुठे आहे? तारा ताटलीतल्या जेवणाचा असतो, हे मिशेलिन स्वतःच सांगतं. मालाचा दर्जा, कौशल्य, चवींचा मेळ, शेफचं व्यक्तिमत्त्व आणि दर वेळचं सातत्य, या पाच गोष्टी. खुर्च्या, दिवे, आवाज त्यात कधीच नव्हते. त्याने जे वचन दिलंच नाही ते मोडलं म्हणून तुम्ही रागावताय.

आणि तारा नको तर पर्याय काय? लोकांचे रिव्ह्यू? २०१७ मध्ये लंडनमध्ये एका पठ्ठ्याने स्वतःच्या बागेतली शेड ट्रिपअॅडव्हायझरवर हॉटेल म्हणून नोंदवली, ओळखीच्यांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले, आणि ती शेड शहरात पहिल्या क्रमांकावर पोचली. तोवर तिथे एकही गिऱ्हाईक जेवलं नव्हतं! मिशेलिनचा निरीक्षक नाव न सांगता येतो, जेवतो, स्वतःचं बिल भरतो. १९२६ मध्ये पहिले तारे दिले गेले, १९३१ मध्ये दोन आणि तीन ताऱ्यांची पद्धत आली. इतकी वर्षं टिकलेली दुसरी मोजपट्टी मला दाखवा.

स्पष्टच बोलतो. वडिलांना ऐकू कमी येतं हे माहीत असून तुम्ही हॉटेलला एक फोन केला नाहीत. तो दोष तुमचा.

पायवाट
दोष माझाच आहे. गेली दोन वर्षं मी स्वतःला तेच सांगतेय, तुम्ही नव्याने सांगायची गरज नव्हती. पण आज तुम्ही म्हणता तारा फक्त ताटलीचा, आणि परवा म्हणालात बाकी सगळं गौण. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. फोन करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण तुमच्यासारख्या जाणकारांचा तारा-तारा जप ऐकून मला वाटलं की तिथे सगळंच नीट असणार.

शेवटचा_डबा
मोजपट्टी मागितलीत म्हणून सांगतो. १९९३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक रूथ राइशल वेष बदलून 'ल सर्क'मध्ये गेल्या. साधी अनोळखी बाई म्हणून ताटकळत बसावं लागलं, वागणूकही तशीच मिळाली. पुढे ओळख पटल्यावर त्याच जागेने पायघड्या घातल्या. त्यांनी दोन्ही अनुभव शेजारी-शेजारी छापले आणि हॉटेलचे चाराचे तीन तारे केले. (ते तारे टाइम्सचे, मिशेलिनचे नव्हेत.) माझ्यासाठी खरा निकष तोच: ज्याला कुणी ओळखत नाही त्याला कसं वागवतात. मी खास जेवणासाठी फक्त अशाच जागी जातो जिथे आधी एकदा साध्या दिवशी, साध्या कपड्यांत, एकट्याने दुपारचं जेवून आलोय. बऱ्याच नावाजलेल्या जागांचं दुपारचं जेवण रात्रीपेक्षा स्वस्त असतं आणि हात त्याच स्वयंपाकघराचे असतात.

कानसेन
मी श्रवणयंत्रं बसवण्याचं काम करतो, त्यामुळे बाबांनी बटण लावलेला खिसा वाचून काम बाजूला ठेवलं. असे बाबा माझ्याकडे रोज येतात. घरचे म्हणतात, "एवढं महागाचं मशीन घेऊन दिलंय, घालतच नाहीत." अहो, अशा जागी नाही घालवत!

गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. शेजारचं टेबल मोठ्याने बोलतं म्हणून तुम्ही, तुम्ही बोलता म्हणून पलीकडचं. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, आणि १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. गालिचा, जाड पडदे, टेबलावरचं कापड, गाद्यांच्या खुर्च्या आवाज पितात. काच, सिमेंट, फरशी परत फेकतात. यंत्र आवाज मोठा करतं, पण गोंगाटातून बायकोचा आवाज वेगळा काढून देणं त्याला पूर्णपणे जमत नाही.

जागा निवडताना हॉटेलचे फोटो बघा, पण ताटल्यांचे नकोत, छताचे आणि जमिनीचे बघा. ऐन गर्दीच्या दिवशी, ऐन जेवणाच्या वेळी फोन करा. उचलणारा माणूस ओरडून बोलत असेल तर ती जागा यादीतून काढा. संध्याकाळची पहिली वेळ घ्या. यंत्राचे माइक बहुधा समोरचा आवाज जास्त उचलतात, म्हणून गोंगाट पाठीमागे आणि बोलणारं माणूस समोर, असं बसवा.

पायवाट
छताचे फोटो बघायचं दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर! मनापासून आभार.

गच्ची
कानसेन यांना +१. माझीही एक भर. आई-वडिलांना नेत असाल तर हॉटेलला आधीच सांगून ठेवा की त्यांच्या हातात दर नसलेलं मेनूकार्ड द्या. काही मोठ्या जागा अजून ठेवतात. दर दिसले की आपली माणसं खातच नाहीत.

मधुमालती
थांबा. दर नसलेलं कार्ड? ती पद्धत कुणासाठी निघाली माहीत आहे का? बाईसाठी. पैसे पुरुष देणार, तिने आकडे बघायचे नाहीत.

मी कामानिमित्त पाहुण्यांना जेवायला नेते. गेल्या वर्षी टेबल माझ्या नावावर, बोलावणं माझं, पैसे माझ्या कंपनीचे. कार्डं वाटली तेव्हा माझ्या कार्डावर दर नव्हते आणि माझ्या हाताखालच्या मुलाच्या कार्डावर होते. बिलाची वहीसुद्धा त्याच्याच कोपराशी ठेवली. तो बिचारा लाल झाला. मी हात लांब करून ती वही ओढून घेतली, आणि पाहुण्यांसमोर ते ओढून घेणं मला अजून आठवतं. १९८० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये यावरून कज्जा झाला आणि हॉटेलला ती पद्धत सोडावी लागली. २०१९ मध्ये पेरूत लिमाच्या एका हॉटेलला याच कारणासाठी दंड झाला. आणि तुम्ही ती परत मागून घ्यायला सांगताय!

गच्ची
मी आईबद्दल बोलतोय, तुम्ही बाईबद्दल. उगाच भलतं गळ्यात मारू नका. माझी आई कार्ड उजवीकडून वाचते. बोट आकड्यांवरून वरपासून खालपर्यंत फिरतं, सगळ्यांत लहान आकड्यावर थांबतं, मग बोट डावीकडे सरकतं आणि पदार्थ कोणता ते ती बघते. बहुतेक वेळा ते सूप असतं. "मला भूकच नाही रे." माझी पहिली मोठी बढती झाली त्या दिवशी तिने सूप प्यायलं आणि घरी आल्यावर डब्यातली सकाळची पोळी खाल्ली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. यात कुठला अपमान आणि कुठला कज्जा?

मधुमालती
तुमच्या आईची माया खरी आहे, तुमचीही. पण तिच्यापासून आकडा लपवला की ती लहान मूल होते, हे तुम्हाला दिसत नाही याचाच राग येतो.

रसिकराज
धागा हॉटेल निवडण्याचा होता. कृपया.

ओंजळ
रसिकराज, मला बोलू द्या, कारण इथे मी बहुधा त्या आईच्या वयाची एकटीच आहे.

माझ्या मुलाने मला असं कार्ड दिलं होतं. उघडताक्षणी कळलं. आयुष्यभर घराचा हिशेब मी ठेवला, महिन्याची टोकं मी जुळवली, आणि आता माझ्या हातात आकडे नसलेला कागद. मी काही बोलले नाही, कारण तो आनंदात होता. पण प्रत्येक पदार्थाला मनात किंमत लावत बसले. गच्ची, तुम्हाला हे सांगायचंय की मी लावलेली किंमत खऱ्यापेक्षा मोठी होती. पुढे कधीतरी सुनेच्या तोंडून खरा आकडा निघाला तेव्हा मी म्हटलं, एवढाच? मग मी उगाच अर्धं ताट टाकलं! लपवल्याने भीती कमी होत नाही, वाढते.

गच्ची
काकू, असा विचार कधी केला नव्हता. पण मग काय, तिला सूपच पिऊ द्यायचं?

ओंजळ
नाही रे बाबा. ठरलेल्या रकमेचं, सगळ्यांना एकच असं जेवण जिथे मिळतं तिथे ने. आठवडाभर आधी घरी बसून तिला आकडा सांग. एक दिवस कुरकुर करेल, करू दे. पैसे आधीच भर. तिथे पोचल्यावर वाचवण्यासारखं काही उरलंच नाही की ती नीट जेवेल. वाया जाऊ नये म्हणून तरी जेवेलच.

रसिकराज
म्हणजे ठरलेला मेनू, आधी टेबल धरलेलं, निवड शेफची. मी परवा याहून वेगळं काय सांगितलं होतं?

पायवाट
या एका मुद्द्यावर तुमचं बरोबर होतं, आणि ते लिहिताना हात जड होतोय. पण १२ कोर्स आणि साडेतीन तास नकोत. बाबांच्या गोळ्यांच्या वेळा असतात, आठव्या कोर्सनंतर आईचे पाय सुजले होते. चार-पाच कोर्स, दीड-दोन तास. आणि धरण्याआधी तीन प्रश्न: खुर्चीला पाठ आणि हात आहेत का, बाथरूमला जाताना जिना चढावा लागतो का, एखाद्याला एखादा पदार्थ चालत नसेल तर शेफ बदलून देतो का. तिसऱ्याला "आमचा मेनू बदलत नाही" असं उत्तर आलं तर ती जागा शेफच्या दिवसासाठी आहे, आई-बाबांच्या नाही.

शेवटचा_डबा
शेफवरूनच आठवलं. २०१७ मध्ये फ्रान्समध्ये सेबास्तियाँ ब्रास यांनी स्वतःहून सांगितलं की आम्हाला मिशेलिनमधून काढा. तीन तारे होते! रोजच्या परीक्षेचा ताण नको झाला होता. बनवणाऱ्यालाच ते ओझं वाटत असेल तर आपण किती डोक्यावर घ्यायचं ते बघा.

रसिकराज
एका शेफने तारे सोडले म्हणून तारा खोटा ठरत नाही. पहिला आलेला मुलगा शाळा सोडून गेला म्हणून परीक्षा रद्द करता का?

मधुमालती
ओंजळताई, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक हॉटेलवाल्याने वाचायला हवं. गच्ची, मी जरा जास्त चिडले. मुद्दा सोडत नाही, आवाज कमी करते.

गच्ची
आईला आत्ताच विचारलं. म्हणाली, "दर दाखव, पण उजवीकडे नको, कागदाच्या मागे लिहायला सांग." काय बोलणार!

रसिकराज
पुढच्या महिन्यात सासूबाईंची साठी आहे. तारा असलेल्या जागी टेबल धरून ठेवलं होतं. काल रात्री ऐन वेळेला कानसेन म्हणतात तसा फोन केला. पलीकडच्या मुलीला मी माझं नाव तीनदा सांगितलं, तरी तिने चुकीचंच लिहून घेतलं. ते टेबल आता मी आणि बायको आमच्यासाठी वापरू, कारण जेवण तिथलंच सर्वांत चांगलं आहे आणि ते मत बदललेलं नाही. सासूबाईंसाठी दुसरी जागा बघतोय. पायवाट, खुर्चीला हात आहेत का, हे फोनवर विचारलं तर खरं सांगतात, की जाऊनच बघावं लागतं?