सुपरचार्जर आहेच, वर नायट्रसही मारावा का?

गिरगावचा गिअर:
जुन्या होंडा सिटी व्हीटेकला सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, फेऱ्या वाढतील तसा जोर धरणारा) बसवलाय. वरच्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) गाडी पिसाळते, खाली मात्र मेलेली. त्यात मे महिन्यात दोनदा रेडलाइनपर्यंत (फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत) ओढली की इंटेकची हवा तापते आणि ताकद गळते. माझं मत, नायट्रसने (नायट्रस ऑक्साइड वायू, इंजिनात फवारायचा) दोन्ही दुखणी जातात. द्रवरूप नायट्रस उणे ८८ अंशाला उकळतो, म्हणजे फवारला की आत येणारी हवा गार. शिवाय त्यात वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन, हवेत २३. आणि हे सिनेमातलं खूळ नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी सुपरचार्जरवाल्या विमानांना जीएम-१ नावाने हेच दिलं होतं. विरोध करा, पण "आधी ब्रेक सुधारा" नको.

घोडबंदरी:
आधी ब्रेक सुधारा.
आता मुद्दा. विमानाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. उंचीवर हवा विरळ, सुपरचार्जर कमी पडायचा, तेव्हा नायट्रस सोडायचे. तुम्ही समुद्रसपाटीला, मरीन ड्राइव्हच्या जाड हवेत, भरल्या ताटावर वाढताय. इंजिनच्या सिलिंडरमधलं प्रेशर कुठे जाईल?

गिरगावचा गिअर:
अहो, बूस्ट (सुपरचार्जरचा दाब) चढला की नायट्रस बंद. फक्त खालची पोकळी भरायचीय.

पानावाला कुर्ला:
तिथेच तर पिस्टनचे रॉड वाकतात, शेठ! जेटमधून (नायट्रसच्या तोटीतून) सेकंदाला ठरावीकच नायट्रस येतो. आरपीएम कमी म्हणजे स्ट्रोक कमी, म्हणजे दर स्ट्रोकला जास्त. म्हणून विंडो स्विच (ठरावीक आरपीएममध्येच नायट्रस सोडणारा) लावून ३००० च्या खाली सोडतच नाहीत, आणि तेही थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरच. तुम्हाला हवाय नेमका त्याच्या खाली. खालचा टॉर्क हवा होता तर रूट्स टाइपचा (खालपासूनच दाब देणारा) चार्जर घ्यायचा होता.
दुसरं, बाटली कुठे ठेवणार? डिकीतच ना? परदेशात बाटलीला हीटर लावतात, कारण थंडीत बाटलीचं प्रेशर पडतं आणि लागतं ९०० ते १००० पीएसआयच्या आसपास. आपल्याकडे उलटं. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रव राहतच नाही, आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याच्या कितीतरी पुढे जाते. प्रेशर भडकलं की नायट्रस जास्त, पेट्रोल तेवढंच. मिश्रण लीन (पेट्रोल कमी), पिस्टन वितळला. त्याहून वर गेलं की सेफ्टी डिस्क फुटून सगळा माल डिकीत.

दादरकर वकीलबुवा:
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलंय का कुणी? मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फेरफार चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफाराला ५००० दंड, किंवा दोन्ही. तुमचे तर दोन फेरफार. इन्शुरन्सचं बोलतच नाही.

गिरगावचा गिअर:
रस्त्यावर बाटली जोडणारच नाही. ड्रॅग रेसलाच.

घोडबंदरी:
हे सगळेच म्हणतात. मग रात्री कोस्टल रोड दिसतो, ताशी ८० ची मर्यादा विसरली जाते.

पानावाला कुर्ला:
ऐकणार नसालच, तर ३५ हॉर्सपॉवरचा वेट शॉट (नायट्रससोबत जादा पेट्रोलही), त्यापुढे नाही. फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) पिस्टन, १०० ऑक्टेनचं पेट्रोल, आणि ५० च्या शॉटमागे ठिणगीचं टायमिंग दोन अंश मागे घेतात त्या हिशेबाने घ्या. बाटली वापरापुरती आणा, डिकीत वस्तीला नको. पिस्टन स्टॉक (कंपनीचे मूळ) असतील तर माझ्याकडे आणू नका, मी किट बसवणार नाही.

गिरगावचा गिअर:
पिस्टन स्टॉकच आहेत. फोर्ज्डचा भाव काय चाललाय?