चालायचंच, १०६ वेळा: 'स्लॉटरहाउस-फाइव्ह'ची मोडतोड ही कारागिरी की पळवाट?
(चार वाचकांमधली चर्चा; प्रत्येक भागाच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव.)

आडवाट
सलमान रश्दींनी २०१९ साली, 'स्लॉटरहाउस-फाइव्ह'ला पन्नास वर्षं झाली तेव्हा, कर्ट व्हॉनेगटच्या या कादंबरीवर भरभरून लिहिलं. प्रत्येक मरणामागे, एकूण १०६ वेळा येणारं 'सो इट गोज' (म्हणजे 'चालायचंच') वरवर हार मानल्यासारखं वाटतं, पण त्याखाली शब्दांत न मावणारं दुःख आहे, असं त्यांचं वाचन. पटलं. तरी खरी करामत मला प्रसंगांच्या जोडकामात दिसते.

नायक बिली पिलग्रिम, दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी सैनिक, काळातून निसटतो आणि आयुष्यात कुठेही जाऊन पडतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण प्रसंग सुटे करून बघा. डिसेंबर १९४४ मध्ये तो जर्मनांच्या हाती लागतो. मग मालगाडीचा डबा, छावणी, जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर, तिथे दोस्तांनी केलेल्या बाँबवर्षावाची रात्र कत्तलखान्याखालच्या मांसाच्या तळघरात, नंतर प्रेतं उपसणं, शेवटी सुटका. युद्धाची ही ओळ जवळजवळ सरळ चालते. उड्या आहेत त्या उरलेल्या आयुष्यात: लग्न, चष्म्यांचा धंदा, विमान अपघात, त्याला पळवून नेऊन प्राणिसंग्रहालयात ठेवणाऱ्यांचा ट्राल्फमाडोर ग्रह. नक्कल करणारे इथेच फसतात. ते दोन्ही ओळी पिसतात, मग वाचकाला पाय टेकायला जागाच उरत नाही.

कोरडा शेरा
रचना मान्य. पण तिच्या आडून लेखक सुटला त्याचं काय? ट्राल्फमाडोरवाले सांगतात की प्रत्येक क्षण कायमचा आहे, काही बदलत नाही, चांगले क्षण तेवढे बघा. हे तत्त्वज्ञान बाँब टाकणाऱ्यालाही तितकंच सोयीचं! शॅम्पेनचा फेस गेला, 'सो इट गोज'. निर्जंतुकीकरणात उवा मेल्या, 'सो इट गोज'. शंभराव्या वेळी ती लकब होते, दुःख उरत नाही.

शिवाय कादंबरीतला ड्रेस्डेनच्या मृतांचा १,३५,००० हा आकडा. तो ब्रिटिश लेखक डेव्हिड अर्व्हिंगच्या १९६३ च्या पुस्तकातला. ड्रेस्डेनच्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये फार तर २५,००० असा निष्कर्ष दिला. युद्धाचे व्रण दाखवायला परग्रह लागतोच असंही नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची. एक बोट, जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हेर्टा, आणि युद्धाला तोंड फुटायच्या आधीच माणसं उद्ध्वस्त.

नळीतला धूर
ट्राल्फमाडोर हे लेखकाचं मत धरलंत, तिथेच गल्लत झाली. पुस्तकातच पुरावा आहे. १९४८ मध्ये बिली माजी सैनिकांच्या इस्पितळात, मनोरुग्णांच्या वॉर्डात असतो. शेजारच्या खाटेवरचा रोझवॉटर त्याला किलगोर ट्राउट या कादंबरीतल्याच काल्पनिक लेखकाच्या विज्ञानकथांची गोडी लावतो. पुढे नवव्या प्रकरणात, न्यूयॉर्कच्या दुकानात बिली ट्राउटची एक कादंबरी उचलतो. पृथ्वीवरचं जोडपं पळवून परग्रहावर प्राणिसंग्रहालयात ठेवल्याची गोष्ट! ती आपण इस्पितळात वाचली होती हे त्याला आठवतं. लेखक बोट दाखवून सांगत नाही, पण ग्रह कुठून आला ते आपल्याला कळतं. ते औषध आहे, आणि आजाऱ्याने स्वतःच तयार केलेलं.

दुसरा पुरावा आठव्या प्रकरणात. लग्नाच्या वाढदिवसाला चष्म्यांच्या धंद्यातले चौघे गायला लागतात आणि बिलीचा चेहरा वेडावाकडा होतो. कारण त्यालाही कळत नाही. माडीवर जाऊन पडल्यावर आठवतं: तळघरातून वर आल्यावर चार जर्मन पहारेकरी असेच तोंडं उघडी टाकून उभे होते. लेखक मुद्दाम नोंदवतो की या वेळी बिलीने कालप्रवास केला नाही, त्याला *आठवलं*. सगळ्या उड्यांमध्ये खरी आठवण अशी इथे उघडी पडते. अमेरिकेच्या मानसोपचार-सूचीत या आघाताला स्वतंत्र नाव (पीटीएसडी) मिळालं १९८० मध्ये, कादंबरी १९६९ ची.

प्रसंगांमधले सांधेही बघा. कैद्यांच्या गाडीवर नारिंगी-काळे पट्टे, मुलीच्या लग्नाच्या तंबूवर तेच. प्रेताचे पाय निळसर हस्तिदंती, बिलीचेही. पहिल्या प्रकरणात दारू प्यायलेल्या लेखकाच्या श्वासाला 'मस्टर्ड गॅस आणि गुलाबां'चा वास, शेवटच्या प्रकरणात तोच वास कुजत्या प्रेतांना. सांधा नेहमी इंद्रियाचा, विचाराचा नाही. म्हणून 'अचानक त्याला युद्ध आठवलं' असलं वाक्य लागत नाही.

पाटीपेन्सिल
जरा अवांतर. 'सो इट गोज'चं मराठीत काय करायचं? 'चालायचंच' तोंडात चटकन येतं. पण ते आपण समाचाराला गेल्यावर म्हणतो, त्यात पाठीवर हात आहे. मूळ वाक्य कुणाचं सांत्वन करत नाही. 'असं हे' जास्त कोरडं, पण उवांनंतर टिकतं, माणसानंतर पडतं. मी तरी 'चालायचंच'च ठेवीन. १०६ वेळा आल्यावर त्यातली माया आपोआप झिजते, आणि तेच हवंय.

कोरडा शेरा
ट्राउटचा मुद्दा बिनतोड, मागे घेतो. बिलीचा सहकैदी डर्बी याला चहाच्या किटलीपायी गोळ्या घालणार हे पहिल्याच प्रकरणात फोडून टाकणं, हेही धाडसाचं काम. पण आकड्यावर अडून राहणार. नव्या आवृत्तीत तळटीप हवी.

आडवाट
तळटीप घाला, प्रस्तावनेत घाला, मजकुराला हात नको. १९६९ मध्ये, त्या तळघरात स्वतः जीव वाचलेल्या लेखकाने हाच आकडा खरा मानला होता, हेही कागदावर राहायला हवं.

कोरडा शेरा
मग तळटीप त्याच पानावर. मागे ढकलली की कोणी वाचत नाही.