मावठा आणि गव्हावरची तणनाशक फवारणी

मावठा, म्हणजे हिवाळ्यातला अवकाळी पाऊस, पडला की गव्हावर तणनाशक कधी फवारावं, यावर "मावठा पूर्ण थांबून जमीन कोरडी होईपर्यंत थांबा" असा सल्ला दिला जातो, तो अर्धाच पटतो. सांवेर-देपालपूरच्या (इंदूर जिल्हा) काळ्या मातीत चिखलात पंप घेऊन उतरू नये, हे बरोबर. पण भेगा पडेपर्यंत थांबलात तर गुल्लीडंडा (गव्हासारखं दिसणारं गवती तण) फुटवे काढतो आणि मग क्लोडिनाफॉप या गवती तणांवरच्या औषधाचाही उपयोग कमी होतो. वेळ पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांची, तण २ ते ४ पानांवर असतानाची. वापसा आला, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशी जमीन झाली, की लगेच फवारा. पाणी साचून गहू पिवळा पडला असेल तर मात्र हिरवेपणा परत येऊ द्या. मलूल पीक औषध पचवू शकत नाही, वाढ खुंटते.

सहसा कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे औषधांचं मिश्रण. ढग पाहून एकाच फेरीत काम उरकायला क्लोडिनाफॉपमध्ये २,४-डी (रुंद पानांच्या तणांचं औषध) मिसळतात, त्याने गुल्लीडंडा नीट मरत नाही. गवती आणि रुंद पानांची, दोन्ही प्रकारची तणं असतील तर क्लोडिनाफॉप (१५ टक्के पावडर, एकरी १६० ग्रॅम) आधी, २,४-डी आठवड्याने. किंवा सरळ क्लोडिनाफॉपचं मेटसल्फ्युरॉनसोबतचं (हेही रुंद पानांच्या तणांचं औषध) तयार मिश्रण घ्या. सल्फोसल्फ्युरॉन हे दुसरं तणनाशक (७५ टक्के, एकरी १३.५ ग्रॅम) मुळांतूनही शोषलं जातं, म्हणून ओल हवीच, पण त्याच शेतात पुढे मका किंवा ज्वारी घ्यायची असेल तर ते नकोच. पाणी एकरी १५० लिटर, नोझल फ्लॅट फॅन (पंख्यासारखा चपटा फवारा देणारं). आणि दव सुकल्याशिवाय सुरुवात नको, औषध पानावरून ओघळून जातं.