बंपर बदलायचा की सांधायचा?

बी-५०२: नमस्कार सोसायटीतल्या मंडळी. काल रात्री पावसात आपल्या पार्किंगच्या रॅम्पवर वळताना गाडीचा पुढचा बंपर खांबाला घासला. फॉग लॅम्पखाली वीतभर चीर गेलीय आणि बंपर अडकवायचा डावा कान तुटलाय. वर्कशॉपवाले म्हणतात बदलावाच लागेल, रंग-मजुरी धरून २१,०००. नाशिकमध्ये द्वारकेकडे कुणी चांगला माणूस माहीत आहे का?

ए-३०१: दादा, आतून इपॉक्सी गोंद लावून टाक, कोण बघतंय आतून.

ए-१०४: नको रे, इपॉक्सी लावू नकोस. झटपट गोंद तर मुळीच नको. दोन पावसाळ्यांत उघडेल आणि नंतर वेल्डिंग, म्हणजे प्लास्टिक वितळवून सांधायचं म्हटलं तर तो सगळा खरवडत बसावं लागेल.

बी-५०२: काका, प्लास्टिकचं वेल्डिंग टिकतं का पण?

ए-१०४: नीट केलं तर टिकतं. अंबडला प्लास्टिक मोल्डिंगमध्ये माझी २६ वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
आधी बंपरच्या आतल्या बाजूला टॉर्च मार. दोन बाणांच्या मध्ये अक्षरं उमटलेली दिसतील, ती साच्यातच कोरलेली असतात. बहुतेक बंपरवर 'पीपी + ईपीडीएम' असतं. पीपी म्हणजे आपल्या बादल्या-खुर्च्यांचं पॉलिप्रॉपिलीन. ईपीडीएम हे रबर, त्यामुळे बंपर दबतो, लगेच तडकत नाही. पुढे टी किंवा टीडी आणि आकडा असला तर तेवढे टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड. या पीपीला साधा गोंद धरत नाही. झटपट गोंदाची बाटली बघ, ती पॉलिथिनची असते, याच कुळातली. गोंद आत राहूनही बाटलीला चिकटत नाही, त्याचं हेही एक कारण.

सी-२०३: काका, आमच्या गाडीचं गेल्या वर्षी वेल्डिंगच केलं होतं. त्र्यंबकला जाऊन आलो तर त्याच जागी परत चीर.

ए-१०४: ताई, वितळवून भरायची प्लास्टिकची कांडी कुठली वापरली विचारलं होतं का?

सी-२०३: काळी होती एवढंच आठवतंय.

ए-१०४: तिथेच घोळ झाला असणार. पीपीही काळं, एबीएस हे दुसरं प्लास्टिक, तेही काळं. ग्रिल, आरशाचं कव्हर बऱ्याचदा एबीएसचं असतं. पीपीवर एबीएसची कांडी ओतली तर ती नुसती वर बसते, एकजीव होत नाही. थंड झाल्यावर नखाने निघते. खरी परीक्षा सोपी आहे. आतल्या बाजूला कोपऱ्यात कांडीचं टोक वितळवून चिकटवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं आणि ओढायचं. कांडी तुटली पण जोड सुटला नाही तर प्लास्टिक जुळलं. कांडी मिळाली नाही तर तोच शिक्का असलेल्या भंगारातल्या बंपरच्या पट्ट्या कापून वापरता येतात. मला तर त्याच जास्त भरवशाच्या वाटतात.

बी-५०२: आणि करायचं कसं?

ए-१०४: बंपर उतरवूनच. साबणाने धुऊन वाळवायचा, मेण-ग्रीस काही राहू द्यायचं नाही. चीर जिथे संपते तिथे ३ मिमीचं भोक पाडायचं, नाहीतर ती पुढे पळत राहते. मग आतून चिरेवर व्ही आकाराची खाच, जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त. पीपी साधारण १६०-१६५ अंशांना वितळतं, त्यामुळे बंपरची कड आणि कांडी दोन्ही एकाच वेळी मऊ व्हायला हवीत. घाई केली की कांडी वितळते आणि कड कोरडीच राहते. धूर निघाला, रंग बदलला तर प्लास्टिक जळालं, ते कापून परत करायचं. आतून गरम पिना किंवा स्टीलची जाळी दाबून बसवली की जोर येतो. लगेच पाणी ओतून गार करू नये.
आणि कानाचा तुकडा शोध. चीर कुणीही भरेल, पण कान जागेवर आला नाही तर बंपर आणि फेंडरमध्ये (चाकावरच्या पत्र्यात) फट राहते. तुकडा असला तर अचूक जागा मिळते.

ए-३०१: काका, हे माहीत नव्हतं. माझी सूचना मागे.

सी-४०१: रंगाचं काय? माझ्या भावाच्या गाडीचा रंग धुताना पापुद्र्यासारखा निघाला.

ए-१०४: प्लास्टिक प्रायमर न मारता थेट रंग मारला असेल. पीपीवर रंग स्वतःहून धरत नाही. रंगाऱ्याला आधीच बजावायचं.

बी-१०१: मी विम्याचं काम करते म्हणून सांगते. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर नसेल तर प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीचे आपल्या खिशातून, त्यापुढे २,०००. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेज प्रीमियमवर मिळणारी सूट जाते. ५ वर्षं क्लेम नसेल तर ती ५० टक्के असते. दादा, तुझी किती आहे?

बी-५०२: ताई, ४५ टक्के. झिरो डेप नाही.

बी-१०१: मग आधी दुरुस्तीचा भाव काढ आणि हिशोब करूनच क्लेमचं ठरव.

डी-६०२: आमच्या गाडीला पुढे रडार (समोरच्या गाडीचं अंतर मोजणारं) आहे. वेल्डिंग चालेल का?

ए-१०४: रडारच्या समोरच्या भागात नको. तिथे वेल्डिंग, पुट्टी, जाड रंग, कशानेही रडारचं वाचन बिघडू शकतं. तिथे बदललेलाच बरा. आणि सगळ्यांनीच बंपर उतरवल्यावर त्याच्या आतला आडवा बार बघा. तो वाकला असेल तर वरचं प्लास्टिक कितीही छान सांधून उपयोग नाही, धडकेचा मार तो बार झेलतो.

बी-५०२: टॉर्च मारून आलो. पीपी + ईपीडीएम टी२० लिहिलंय.

ए-१०४: छान. २० टक्के टाल्क. रविवारी १० वाजता बंपर उतरवू, माझ्याकडे हॉट एअर गन आहे. माल मात्र त्याच शिक्क्याचा शोधू.

सेक्रेटरी, ए-२०२: पार्किंगमधला कॉमन प्लग वापरा, हरकत नाही. फक्त गेटजवळच्या मोकळ्या बाजूला करा, वास येतो आणि मुलं तिथे सायकल खेळतात.

ए-१०४: बरोबर आहे. मुलांना लांबच ठेवू.

बी-५०२: काका, कानाचा तुकडा मिळाला! रॅम्पच्या जाळीत अडकला होता. वॉचमन काकांनी सकाळी झाडताना उचलून केबिनमध्ये ठेवला होता.