अनुभव धागा: कॉलेजात कुठलं ॲप टिकलं, कुठलं उडालं?

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि बघता बघता सगळ्यांचे फोन ॲप्सनी भरले. कॉलेजं उघडल्यावर त्यातली बरीचशी उडाली, काही राहिली. कुठलं ॲप, नेमकं कशासाठी, आणि अजून वापरता का, एवढं लिहा. शिकवणारे, शिकणारे, सगळेच. 'डिजिटल क्रांती' वगैरे नको. ते सेमिनारमध्ये चहा येईपर्यंत ऐकतोच आपण.

गणित, तालुक्याचं कॉलेज

माझं उत्तर एकच: जिओजेब्रा, आलेख आणि भूमितीच्या आकृत्या काढायचं ॲप. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना हे सुरू केलं. वर्गात वापरायला फुकट आहे आणि एकदा फोनवर उतरवलं की रेंज नसली तरी चालतं. आमच्या इमारतीत ते फार महत्त्वाचं.

टीवायला (तिसऱ्या वर्षाला) फूरिये श्रेणी शिकवते, म्हणजे साइन तरंगांची बेरीज करून हवा तो तरंग बनवायचा. चौकोनी तरंग बनवायला एकेक साइन मिळवत जायचं. फळ्यावर तीन-चार पदांपर्यंत हात चालतो, पुढे 'असंच होत जातं' म्हणून सोडून द्यायचं. जिओजेब्रात पदांच्या संख्येला स्लायडर लावला आणि फोन मुलांच्या हातात दिले. पदं वाढली तशी रेघ सपाट होत गेली, पण जिथे तरंग उडी मारतो तिथलं टोक काही जाईना. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, ते शिंग का जात नाही?" हीच ती गिब्ज घटना. कितीही पदं घ्या, शिंग बारीक होत उडीला चिकटतं, पण त्याची उंची उडीच्या साधारण ९ टक्के राहतेच. फळ्यावर काढलं असतं तर मॅडमचा हात हलला असं समजून मुलांनी सोडून दिलं असतं. प्रश्न मुलांकडून आला की तो तास वसूल.

प्रोजेक्टर? आहे. कपाटात आहे. किल्ली क्लार्ककडे आहे.

कॉमर्स, तासिका तत्त्वावर (सीएचबी)

झूमच्या फुकट मीटिंगला ४० मिनिटांची मर्यादा, आमचा तास ४८ मिनिटांचा. ताळेबंद जुळायच्या आत वर्ग गायब. शिवाय भागीदारीची भांडवल खाती फोनच्या पडद्यावर मावत नाहीत. डावी बाजू वाचावी तर उजवी पळते. शेवटी वहीवर गणित सोडवायचो, पायरीपायरीचे फोटो आणि सोबत व्हॉइस नोट, सगळं व्हॉट्सॲपवर. मुलं दोन दोन वेळा ऐकायची, रानात बसूनसुद्धा.

आता उरलाय तो ग्रुप. उपयोग आहेच, पण रात्री अकराला "सर उद्या लेक्चर आहे का" येतं. आणि मानधन घेतलेल्या तासांचं. व्हिडिओ करा, फॉर्म तपासा, गुण एक्सेलमध्ये भरा, याचा तास कुणी धरत नाही. हेही या धाग्यात यायला हवं म्हणून लिहिलं.

मेकॅनिकल, शेवटचं वर्ष

स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचा) १२ आठवड्यांचा कोर्स केला. शिकवणं एक नंबर, सव्वापट वेगाने ऐकायचं. पण खरी गोष्ट सांगतो: दर आठवड्याच्या असाइनमेंटची उत्तरं टेलिग्रामवर फिरतात. १२ पैकी सर्वोत्तम ८ धरतात, त्याचे २५ गुण. ते सगळ्यांचे पैकीच्या पैकी. उरलेले ७५ केंद्रावर जाऊन देण्याच्या परीक्षेचे, त्यात किमान ३० लागतात. टेलिग्रामवाले तिथे आपटतात. ज्यांनी स्वतः सोडवलं ते निवांत.

रसायन, बीएस्सी

व्हर्च्युअल लॅबवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रयोगशाळेत, मुलांनी टायट्रेशन (थेंब थेंब द्रावण घालून दुसऱ्याची तीव्रता काढणं) सुंदर केली. क्लिक केलं की ब्युरेटमधून थेंब, आणि रंग बरोबर जिथे बदलायचा तिथेच बदलतो. मग तीच बॅच प्रयोगशाळेत आली. फिनॉल्फ्थॅलिनचा फिकट गुलाबी रंग आला तिथे थांबायचं असतं. यांचे फ्लास्क गडद गुलाबी. डाव्या हाताने नॉब, उजव्या हाताने फ्लास्क हलवत राहायचं, ही सवय माउसने कशी लागणार? तरी ते टाकून दिलेलं नाही. प्रयोगाच्या आदल्या दिवशी एकदा बघून या म्हणते, म्हणजे कृती सांगण्यात निम्मा वेळ जात नाही.

ग्रंथपाल

नॅकचं (कॉलेजच्या मूल्यांकनाचं) वर्ष आलं की सगळ्यांना एन-लिस्टचा, म्हणजे ऑनलाइन पुस्तकं-जर्नलांच्या साइटचा, पासवर्ड आठवतो. एरवी माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. शोधगंगेवरचे प्रबंध वाचायला तर पासवर्डही लागत नाही, हे पीएचडीला नाव नोंदवलेल्यांना सांगावं लागतं.

जर्मनीत मास्टर्स

आमच्याकडे सगळं मूडल या विद्यापीठाच्या अभ्यासाच्या साइटवर: नोट्स, गृहपाठ, सूचना. प्राध्यापकांचा व्हॉट्सॲप नंबर कुणाकडे नाही. वरच्या सीएचबी सरांना हे ऐकून बरं वाटेल.

एमए मराठी

मी पूर्ण अंध आहे. पडद्यावरचं वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर वापरते: लॅपटॉपवर एनव्हीडीए, फोनवर टॉकबॅक; दोन्हींना पैसे पडत नाहीत, दोन्ही मराठी वाचतात. अडतं ते फाइलपाशी. नोट्स म्हणून फोनने स्कॅन केलेली पीडीएफ येते. ती चित्रांची, त्यामुळे स्क्रीन रीडर गप्प. छापील मजकूर असेल तर गूगल ड्राइव्हमध्ये टाकून गूगल डॉक्समध्ये उघडते, बऱ्यापैकी अक्षरं सुटतात. रफार आणि जोडाक्षरं मात्र धारातीर्थी पडतात. आणि फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल (आत इंग्रजी अक्षरं, वर फक्त मराठी रूप) तर तुम्हाला मराठी दिसतं, मला इंग्रजी अक्षरांचा चिवडा ऐकू येतो. सर्व शिक्षकांना विनंती: युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल द्या. नवीन ॲप काही नको.

मराठी विभाग

ताई, तुमचं वाचून विभागातल्या जुन्या फाइली काढल्या. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये येताहेत, अवतरणचिन्हं तेवढी हाताने नीट करतो आहे. नवीन नोट्स मी फोनवर बोलून लिहितो. मराठी चांगलं उमटतं, विरामचिन्हं नंतर द्यायची. गंमत म्हणजे प्रश्नपत्रिका अजून जुन्याच फाँटमध्ये मागतात. कुणी चॅटजीपीटीने लिहिलेल्या निबंधांबद्दल विचारेल, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे पुरणार नाही.

एमए मराठी

सर, खूप आभार. करताच आहात तर आणखी एक: प्रकरणाचं नाव नुसतं ठळक करू नका, वर्डमधली हेडिंगची स्टाइल द्या. म्हणजे मला एच दाबत प्रकरणावरून प्रकरणावर जाता येतं, नाहीतर पान १ पासून ऐकत बसावं लागतं. आणि फाइलला विषयाचं नाव द्या. 'नोट्स फायनल न्यू' नावाच्या फाइली माझ्याकडे ढीगभर आहेत.