डायलिसिससाठी देणगी : यंत्राला की रोजच्या खर्चाला?

कोथरूडकर : आमच्या सोसायटीने जवळच्या धर्मादाय रुग्णालयासाठी दोन लाख जमवलेत. डायलिसिस यंत्राला हातभार लावावा का?

सदाशिवपेठी : यंत्राला देणगीदार मिळतो, त्यावर नावाची पाटी लागते ना. अडतं ते रोजच्या खर्चापाशी. रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास बसावं लागतं. डायलायझर (रक्त गाळणारी नळी), नळ्या, सुया, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन सतत लागतं. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटची देखभाल चुकली की चांगली यंत्रंही बंद पडून राहतात. देणगीच्या पत्रात ‘डायलिसिस साहित्य व देखभाल’ असं स्पष्ट लिहा, सहा महिन्यांनी हिशेब मागा.

हडपसरवाले : पैसे सोसायटीच्या खात्यातून गेले तर पावती सोसायटीच्या नावे, सभासदांना देणगीवरची प्राप्तिकर सवलत नाही. ज्याने त्याने थेट ऑनलाइन भरा, पॅन द्या, नंतर रुग्णालयाकडून देणगीचं प्रमाणपत्र घ्या. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. जुनी करप्रणाली असेल तरच उपयोग.

सिंहगडरोड : धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात, खर्चासाठी बिलांच्या 2 टक्क्यांचा निधी असतो. तुमची देणगी तिथे वळू देऊ नका. वार्षिक उत्पन्न 3,60,000 रुपयांच्या मर्यादेच्या जरा वर गेलेली कुटुंबं या सवलतीत बसत नाहीत, देणगी त्यांच्यासाठी राखा.