जुन्या चिनी जेडवर पीचशेजारी वटवाघूळ कशाला?

निळीवाट:
चिंग काळातल्या (१६४४ ते १९१२) जेडच्या, म्हणजे त्या कठीण मौल्यवान दगडाच्या, वस्तूंचे फोटो बघत बसलेय दोन दिवस. एका तुकड्यावर पीचचं फळ, त्याला बिलगलेलं वटवाघूळ आणि खाली दोन नाणी. हे म्हणे दीर्घायुष्याचं चिन्ह. पीच एकवेळ ठीक, पण वटवाघूळ? कुणी नीट सांगेल का?

दगडफूल:
हे चित्रातलं कोडं आहे आणि ते चिनी उच्चारांनी सोडवायचं असतं. वटवाघळाच्या नावात 'फू' येतो आणि भाग्यालाही 'फू'च म्हणतात, अक्षरं वेगळी पण कानाला एकच. पीच म्हणजे आयुष्य, कारण शीवांगमू या देवीच्या बागेतले पीच ३००० वर्षांतून एकदा पिकतात आणि खाणारा अमर होतो अशी कथा आहे. नाण्याच्या जुन्या चिनी शब्दाचा उच्चार 'पूर्ण' या अर्थाच्या चिनी शब्दासारखा, म्हणून दोन नाणी. सगळं मिळून भाग्य आणि आयुष्य, दोन्ही पुरेपूर लाभो! मला सगळ्यात आवडते ती मांजर-फुलपाखराची जोडी, त्या दोघांची नावं जोडून म्हटली की सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या माणसासाठीचा शब्द ऐकू येतो.

जुनंपान:
वरचं बरोबर, पण ही शब्दांची गंमत बरीच नंतर बहरली. हान काळात (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी) भरवसा होता तो दगडावरच, जेडमुळे देह कुजत नाही असं मानायचे. १९६८ मध्ये हबै प्रांतात मानचंगला राजपुत्र लिऊ शंगची कबर सापडली, इ.स.पू. ११३ मध्ये गेलेला माणूस, अंगावर जेडच्या २४९८ तुकड्यांचा सोन्याच्या तारेने विणलेला पोशाख. देह मात्र मातीत मिळाला होता, पोशाख राहिला. मृताच्या जिभेवर जेडचा सिकाडा किडा ठेवायचे, तो जमिनीतून वर येऊन कात टाकतो ना, म्हणून पुनर्जन्माची आशा. त्याला दीर्घायुष्याच्या चिन्हांत धरू नका, तो कबरीतला आहे.

रेतीपाणी:
एक भर घालतो, जेड छिन्नीने कोरत नाहीत, कठीण वाळू आणि पाणी घालून झिजवत झिजवत आकार काढतात, त्यामुळे एका पीचमागे केवढा वेळ गेला असेल विचार करा. पश्चिम चीनमधल्या खोतानच्या नदीतल्या जेडच्या गोट्यांवर तपकिरी साल असते, कारागीर ती मुद्दाम ठेवतात आणि पिकल्या पीचची लाली तिच्यातूनच दाखवतात. आणि चकचकीत हिरवा जेडाइट (जेडचाच दुसरा प्रकार) ब्रह्मदेशातला, तो चीनमध्ये मुख्यतः अठराव्या शतकापासून आला. तशा दगडाला कुणी हानकालीन म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

निळीवाट:
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! फोटो परत उघडला, देठामागे ढगासारखं वळलेलं काहीतरी आहे, ते काय?

दगडफूल:
छोट्या दांड्यावर असेल तर बहुतेक लिंगझी, अमरत्वाची अळंबी. हरणाच्या तोंडातही हीच दाखवतात.